खोली निवडली ती फरशी बघून

राहायची जागा निवडताना माणसं खिडकी बघतात, पलंग बघतात, न्हाणीघरात गरम पाणी येतं का ते विचारतात. मी खाली बघतो. फरशी बसवण्याच्या धंद्यात माझी बेचाळीस वर्षं गेली. लोकांच्या घरांची छतं कशी होती हे मला सांगता येणार नाही, पण कुठल्या खोलीतली कुठली लादी टाचेखाली पोकळ वाजते ते आजही डोळे मिटून सांगेन.

म्हणून शहरात तीन दिवस राहायला खोली शोधायची वेळ आली तेव्हा जे झालं, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. निवड माझी होती.

सहल म्हणत होतो आम्ही. शनिवारी जायचं, रविवारी बाग आणि नदीवरचा पूल बघायचा, सोमवारी परत यायचं. जाणार होतो चौघं: मी, बायको, मुलगा आणि सून. परत मात्र तिघांनीच यायचं होतं. त्या शहरात विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या बायकांना सांभाळणारं एक घर आहे. आठ महिने नाव लावून ठेवल्यावर तिथे एक खाट रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी अकरा वाजता हिला तिथे पोचवायचं होतं.

हिला म्हणजे बायकोला. हिचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, आता या वयात घेऊन काय करू.

हिचं डोकं चार वर्षांपूर्वी उसवायला लागलं. आधी शब्द गेले, मग वार गेले, मग माणसं. मुलगा कधी तिचा भाऊ व्हायचा, कधी डॉक्टर. सून 'ती मुलगी' झाली. मी मिस्त्री झालो. घरात काहीतरी काम काढलं आहे आणि त्यासाठी आलेला हा मिस्त्री काही केल्या काम संपवत नाही, अशी हिची समजूत. "मिस्त्री, चहा घेणार?" असं ती इतक्या अदबीनं विचारायची की मला उठून उभं राहावंसं वाटायचं. वागणं मात्र कडक. परक्या पुरुषासमोर जसं वागायचं तसं. तेव्हापासून मी माझ्याच घरात बाहेरच्या खोलीत झोपत होतो.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण तिनं दोनदा गॅस उघडा ठेवला. दुसऱ्यांदा सुनेचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. सून शाळेचे गणवेश शिवते, महिनाभर तिची मशीन बंद होती. त्यानंतर एका सकाळी ही हमरस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर, अनवाणी बसलेली सापडली. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि ही खडी निवडत होती. मुलगा औषधांच्या दुकानात उभ्यानं बारा तास काम करतो. तो दुकानाच्या त्याच पांढऱ्या कोटात धावत गेला. मी धावू शकलो नाही. माझे गुडघे लोकांच्या फरश्यांनी खाल्ले.

त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आता नाही जमत. त्या घरातली खाट रिकामी झालीय."

मी म्हणालो, "माणूस ओळखत नाही म्हणून घराबाहेर काढायचं?"

"ओळखत नाही म्हणून नाही. मरेल म्हणून."

मग तोच म्हणाला, "आपण दोन दिवस आधी जाऊ. सगळे एकत्र राहू. तिथे तिनं तुम्हाला एकदा ओळखलं, कुणी न सांगता, स्वतःहून, तर खाट सोडून देऊ. चौघं परत येऊ. मग काय व्हायचं ते होवो. शब्द देतो."

त्यानं तो शब्द थकून दिला होता हे मला कळत होतं. पण बुडत्यानं काडीची जाडी मोजायची नसते.

खोली शोधायला आम्ही जेवणानंतर टेबलाशी बसलो. सुनेचा फोन मधे ठेवलेला. मुलाला स्टेशनजवळची लिफ्ट असलेली जागा हवी होती, तिथून ते सांभाळणारं घर चालत दहा मिनिटांवर. सुनेच्या अटी वेगळ्या. दाराला वरची कडी हवी, आईचा हात पोचणार नाही अशी. खिडकीला गज हवेत. न्हाणीघर खोलीतच हवं.

"तुरुंगच बघतेस का?" मुलगा म्हणाला.

"तुरुंगात निदान जेवण वेळेवर मिळतं," सून म्हणाली. "इथे मला कोण वाढतंय?"

ती बोटानं चित्रं सरकवत होती. खोलीमागून खोली. सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या, पलंगावर चार उशा आणि भिंतीवर एक जहाज. मी फक्त फरश्या बघत होतो. चकचकीत, भल्यामोठ्या, जीव नसलेल्या. मग एक खोली सरकून गेली आणि मी ओरडलो, "मागे घे!"

"काय झालं?"

"मागे घे म्हणतो ना."

काळ्या-पांढऱ्या लाद्यांचा पट. आठ इंची. भोवतीनं पानाच्या नक्षीची किनार, पांढऱ्यावर हिरवं पान. वर गोल कमान असलेली खिडकी. मी फोन डोळ्यांशी नेला. दाराच्या उजव्या हाताला, किनारीत, चौथी लादी. सगळ्या पानांची टोकं भिंतीकडे होती, या एकाचं खोलीकडे.

"हे मी केलंय," मी म्हणालो. मग खरं बोललो. "हिनं केलंय."

लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. त्या शहरात एका डॉक्टरांच्या घराचं काम मिळालं होतं, माझं पहिलं स्वतंत्र काम. माणसं लावायची ऐपत नव्हती, म्हणून हीच सिमेंटचा माल कालवायची, लाद्या भिजवायची, सांधे पुसायची. दोन महिने आम्ही त्याच अर्धवट घरात राहिलो. ज्या खोलीचं काम संपेल त्या खोलीत अंथरूण टाकायचं. एक दिवस ही हट्टाला पेटली. म्हणाली, एक तरी मी बसवणार. बसवली, तळव्यानं थापटली, आणि उठून बघते तर पान उलटं. माल धरला होता. उचकटली असती तर फुटली असती. हिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, राहू दे, ही आपली सही. त्यानंतर जेवढ्या घरांत काम केलं तेवढ्या घरांत दाराशी एक लादी मुद्दाम उलटी बसवत आलो. पण पहिली ही. ही चुकून बसलेली.

ही सगळी हकिगत मी टेबलाशी सांगितली. ही समोरच बसून ब्रेडच्या कडा काढत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"पण बाबा, जागा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे," मुलगा म्हणाला. "सोमवारी दोन बस बदलाव्या लागतील."

"सोमवारी कदाचित कुठे जावंच लागणार नाही," मी म्हणालो.

सुनेनं खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय उघडले. मला वाचायला उशिरा आलं, त्यामुळे मी अक्षर अन् अक्षर वाचतो, कुठलंही सोडत नाही. 'खोली स्वच्छ. मालकीण मायाळू. चहा पातळ.' आणि एकीनं लिहिलं होतं, 'फरशी सुंदर, पण माझ्या सासूबाईंना बघून गरगरलं. त्या आत यायला तयार नव्हत्या.'

मी हसलो. "सासूबाई म्हणजे. नाचता येईना, अंगण वाकडं. माझं अंगण वाकडं नाही म्हणावं."

सूनही हसली. "सासवांना सुनेनं निवडलेल्या खोलीत गरगरायचंच असतं, बाबा. तो नियमच आहे."

आम्ही तिघं हसलो. ते वाक्य तिथे लिहिलेलं होतं, स्पष्ट अक्षरांत, आणि मी ते वाचून हसलो.

मुलगा म्हणाला, "दगडापेक्षा वीट मऊ. घ्या. तुमची निवड."

प्रवासात ही खुशीत होती. खिडकीतून मागे पळणाऱ्या खांबांना मान डोलवून निरोप देत होती. बसमधून उतरल्यावर गल्ली मला ओळखू आली नाही, घर आलं. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हडकुळ्या, हातात विणकाम.

"या. घर जुनं आहे हो आमचं. आजोबांनी बांधलेलं."

"डॉक्टर होते ना?"

"तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"ते उभे राहायचे, मी बसलेला असायचो," मी म्हणालो. "ही फरशी माझी आहे."

त्यांनी विणकाम खाली ठेवून हात जोडले. मला लाज वाटली आणि छाती फुगलीही. मधल्या बोळात लाकडी फळ्या होत्या, त्यावरून आम्ही खोलीपर्यंत गेलो. मी ठरवून ठेवलं होतं की काही बोलायचं नाही, काही दाखवायचं नाही. दार उघडायचं आणि हिला आधी जाऊ द्यायचं. बाकीचं काम फरशी करेल.

मुलानं दार उघडलं. दुपारचं ऊन कमानीतून आत पडलं होतं. एकेचाळीस वर्षांनी ती फरशी मी समोर बघत होतो आणि एकही सांधा हलला नव्हता. काळी लादी पाण्यासारखी चमकत होती.

ही उंबऱ्यावर थांबली. खाली बघत राहिली. वाटलं, आठवलं.

मग तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. "विहिरी," ती म्हणाली.

"काय आई?"

"केवढ्या विहिरी खणल्यात. झाकणं कुठायत?"

मुलानं आत जाऊन एका काळ्या लादीवर पाय आपटून दाखवला. "बघ आई, घट्ट आहे. ये." त्यानं तिचा हात धरून जरा ओढला मात्र, ही अशी किंचाळली की वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. तिनं मुलाच्या तोंडावर मारलं, तोही आत बुडणार होता म्हणून त्याला मागे खेचलं, आणि बोळाच्या फळ्यांवर बसून पाय पोटाशी घेतले. चोवीस वर्षांची असताना ती याच फरशीवर झोपली होती. आता तिथे तिला पाणी दिसत होतं, तळ नसलेलं.

सून तिच्याशेजारी बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाबा, घरी दारात काळं पायपुसणं आहे ना. आई त्याच्यावरून उडी मारून जातात. दोन वर्षं. मला वाटायचं, मला चिडवायला करतात. मी ओरडायचे त्यांना."

ते उडी मारणं मीही बघितलं होतं. आणि आमच्या घरातली फरशी म्हणजे काय, तर बेचाळीस वर्षांच्या कामांतून उरलेले तुकडे. लाल, काळे, करडे, निळे. माझ्या अभिमानाची गोधडी. ही चार वर्षं भिंतीला हात लावून कडेकडेनं का चालायची, न्हाणीघर चार पावलांवर असून तिथे वेळेवर का पोचायची नाही, हे मला त्या बोळात उभ्या उभ्या कळलं. माणसाला इतकं उशिरा काही कळू नये.

"दुसरी खोली आहे का?" मुलानं मालकीणबाईंना विचारलं.

"आहे, पण फरशी सगळ्या घरात हीच."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. शहरात कसल्याशा परीक्षा होत्या, गावोगावची पोरं आईबापांसकट आली होती. स्टेशनजवळची लिफ्टवाली जागा भरली होती. बाकीच्याही भरल्या होत्या. तो परत आला तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही की सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

सुनेनं मालकीणबाईंना विचारलं, "पांढरा कागद आहे का तुमच्याकडे? खूप?"

कपाटांच्या फळ्यांवर घालायच्या कागदाची मोठी गुंडाळी निघाली. चिकटपट्टी निघाली. सून पिशवीतून आपली कात्री काढत म्हणाली, "माप सांगा."

"आठ बाय आठ."

"किती?"

मी पलंगाखालच्या सोडून मोजल्या. "एकशे वीस."

"सगळ्या? नुसती वाट केली तर?"

"वाट केली तर दोन्ही बाजूंना विहिरी राहतील."

ती बोळात पाय पसरून कापायला लागली, गणवेशाचं कापड कापावं तशी, सरळ, न मोजता. मुलगा पट्टीचे तुकडे तोडून द्यायला लागला. आणि मी गुडघ्यांवर बसलो. डॉक्टरांनी मला गुडघ्यावर बसायला सहा वर्षांपूर्वी बंदी केली आहे. पहिला कागद काळ्या लादीवर ठेवला, चार कोपरे दाबले, तळव्यानं थापटला. दुसरा. तिसरा. माझ्याच हातानं मी माझं काम झाकत होतो, आणि हात मात्र जुन्या लयीत चालत होते. त्यांना काय माहीत.

ही उंबऱ्यापाशी सरकून बसली होती. आधी भेदरून बघत होती. विहिरी एकेक करून बुजायला लागल्या तशी तिची मान सैल झाली. साधारण तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, "मिस्त्री, ओळ वाकडी जातेय."

मी बघितलं. जात होती. बोटभर.

"तुमची नजर चांगली आहे," मी म्हणालो.

"असणारच. आमच्याकडे हेच काम."

मुलाचा हात थांबला. सुनेची कात्री थांबली.

"असं का?" मी जपून म्हणालो. "कोण करतं?"

"आमचे हे," ती म्हणाली आणि पदर सारखा केला. "ते असते ना, तर कधीच झालं असतं. तुमचा हात जड आहे, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत. कुठे असतात ते?"

"कामावर." मग जरा पुढे वाकून, आवाज खाली करून, "गुडघे दुखतात त्यांचे. सांगत नाहीत कुणाला. मला कळतं."

मी मुलाकडे बघितलं. डोळ्यांनी विचारलं, हे धरायचं की नाही? त्यानं मान खाली घातली. तो रडत होता, पण होकार त्यानं दिला नाही. आणि त्याचं बरोबर होतं. ती मला विसरली नव्हती. मला तिनं कुठेतरी नीट जपून ठेवलं होतं, कामावर गेलेला, जड नसलेल्या हातांचा. समोर जो गुडघे मोडून बसला होता तो तो नव्हता.

"तुमची बायको नाही का मदतीला?" तिनं विचारलं.

"आलीय," मी म्हणालो.

तिनं मागे वळून सुनेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, वयानं फार लहान आहे हो ती तुम्हाला."

सून हसायला गेली आणि तिनं तोंडात ओढणी कोंबली.

काम संपेपर्यंत बाहेरचे दिवे लागले. एकशे विसावा कागद लावला तेव्हा सुनेच्या हातात एक उरला होता. माझ्या मोजण्यात किंवा तिच्या कापण्यात चूक झाली असेल. खोली सगळी पांढरी झाली होती. ही उठली, उंबऱ्यावरून एक पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं. कागद चुरचुरला. घाबरली नाही.

तेव्हा मी माझा नियम मोडला. आता उरलंच काय होतं. तिला दाराच्या उजव्या हाताला नेलं आणि माझ्या चालायच्या काठीनं दाखवलं. "हे बघितलंत? हे पान."

ती वाकली. खूप वेळ बघत राहिली. बोट पुढे करून पानाच्या टोकावरून फिरवलं, टोकापासून देठाकडे.

"नवशिक्याचं काम," ती म्हणाली. "झाकून टाका. मालक बघतील तर रागावतील."

तिनं सुनेच्या हातातला उरलेला कागद घेतला. ती लादी काळी नव्हती, तिला झाकायची काही गरज नव्हती. हिनं कागद तिच्यावर ठेवला, चार कोपरे दाबले, आणि तळव्यानं थापटला. अगदी मी शिकवलं होतं तसा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "असं."

रविवारी आम्ही बागेत जायचं ठरवलं होतं. बाग रस्त्याच्या पलीकडेच होती, पण रस्त्यावर पांढरे पट्टे होते आणि पट्ट्यांच्या मधे डांबर. ही फुटपाथच्या काठावर उभी. तीन वेळा दिवा हिरवा झाला, तीन वेळा लाल. शेवटी मुलगा तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला. "चल, बस." ही लहान पोरीसारखी त्याच्या पाठीवर बसली आणि पट्ट्यांवरून जाताना पाय वर उचलून धरले, भिजू नयेत म्हणून. गाड्यांतली माणसं हसत होती. तीही हसत होती. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "भाऊ, परत एकदा." मुलानं तिला परत अलीकडे आणली आणि परत पलीकडे नेली. त्या सहलीतलं पाहण्यासारखं आम्ही एवढंच पाहिलं.

बागेतल्या बाकावर मी मुलाला म्हणालो, "घरची सगळी फरशी उचकटतो. एकरंगी बसवतो. माणसं लावतो, मी नुसता बसून सांगतो. पंधरा दिवसांत होईल."

"बाबा."

"ती भिंतीला धरून चालते ते फरशीमुळे. तुला काल दिसलं ना? ती बाहेर पळते तीसुद्धा फरशीमुळेच असेल. घरात सगळीकडे विहिरी असल्यावर कोण थांबेल?"

"असेल," तो म्हणाला. "पण बाबा, फरशीनं गॅस बंद होत नाही."

सून हिला शेंगा सोलून देत होती. ही दाणे टाकून टरफलं ओंजळीत जमवत होती.

सोमवारी सकाळी मी कागद काढायला लागलो तर मालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या आजोबा, मी काढेन." मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या घरात काम केल्यावर साफसफाई आपणच करायची असते. ही बोळात चपला घालून तयार होती, तिच्याकडे पाठ करून मी एकेक कागद सोडवला. पानावरचा मात्र काढला नाही. तो कुणाला काय करतोय.

दोन बस बदलून आम्ही त्या घरी पोचलो. अकराला दहा कमी होते. मोठं फाटक, आत बैठं घर, पायरी नाही. मी मनात एकच गोष्ट धरली होती: ही दारात थांबेल. चौकट धरेल. किंचाळेल. मग मी मुलाला म्हणेन, बघ, हिला इथेही विहिरी दिसतात, मग घर काय वाईट? शब्दाचं काय करायचं ते मग बघू. माणूस बायकोच्या भीतीवर आशा लावून बसला होता, इथवर मी आलो होतो.

दार उघडलं आणि मी सवयीनं खाली बघितलं. फिकट पिवळसर, एकरंगी फरशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. किनार नाही, नक्षी नाही. काम भिकार. सांधे कमीजास्त, न्हाणीघराकडे उतार चुकलेला, दाराजवळची एक लादी दुसरीपेक्षा वर आलेली. माझ्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याची थापी काढून घेतली असती.

तिथल्या मोठ्या बाई टेबलामागे कागद घेऊन बसल्या होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही यांचे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "हे मिस्त्री आहेत. माणूस चांगला आहे, पण काम फार हळू."

मोठ्या बाईंनी मुलाकडे बघितलं. मुलानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत शब्द अजून होता. मी नुसतं 'परत नेऊ' म्हणालो असतो तर त्यानं तो पाळला असता, मला माहीत आहे. सून भाजलेल्या हातावर बाही ओढत उभी होती.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो. "लिहून घ्या पुढचं."

एक मुलगी हिला न्यायला आली. ही उंबऱ्यावर थांबलीच नाही. भिंतीला हात न लावता, खोलीच्या अगदी मधून, ताठ मानेनं चालत गेली. चार वर्षांत मी तिला असं चालताना बघितलं नव्हतं. बोळाच्या टोकाला एक खिडकी होती, तिथपर्यंत ती गेली आणि त्या मुलीशी बोलत वळली. मागे बघण्यासारखं तिचं इथे कुणी नव्हतं.

मुलगा सह्या करत होता. मी दाराजवळची ती वर आलेली लादी काठीनं ठोकून बघितली. पोकळ वाजली.

"बाबा, चला," सून म्हणाली.

"ही नीट बसवायला हवी," मी म्हणालो. "ठेच लागेल कुणाला तरी."

"सांगू आपण त्यांना."

मोठ्या बाईंना मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.